त्या वर्षीचा गणपती

माझ्या भाचीला नागपंचमीची दिंडं आठवतात. मोदकपात्रात ओळीने बसलेली, एकदोन फुटून पुरण बाहेर आलेली. ताईने झाकण उचललं तेव्हा झाकणाला साठलेलं गरम पाणी हिच्या मनगटावर ओघळलं, ही ओरडली, ताई म्हणाली, "मध्ये मध्ये कडमडू नकोस." तेही तिला आठवतं. त्यानंतरचं जे आठवतं ते एकदम नवरात्रातलं. मधला उरलेला श्रावण, गौरी-गणपती, पितृपंधरवडा, यातलं काहीही नाही. वाईत मिरवणुका निघाल्या, घाटावर विसर्जन झालं, आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती नेहमीच्या कोनाड्यात बसला आणि उठला. तिच्यापुरता त्या वर्षी गणपती बसलाच नाही.

ती तेव्हा १९ वर्षांची होती. मी तिची मावशी. ज्युनिअर कॉलेजात गेली २२ वर्षं जीवशास्त्र शिकवते. हे सगळं तिला विचारूनच लिहिते आहे. "नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही," म्हणाली.

नागपंचमी करून ती पुण्याला हॉस्टेलवर परत गेली. आधी चार दिवस कणकण आणि डोकेदुखी, जी कुणालाही होते. मग तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा ताईला फोन आला: काकू, ही तीन रात्री झोपलेली नाही, आणि नोटीस बोर्डावर माझ्या मनातलं लिहून लावतात असं म्हणते. भावोजी तिला घेऊन आले तेव्हा मी वाईतच होते. ती गाडीतून उतरली, माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू थांबेचना. मग त्याच तोंडाने तिने मला अशी शिवी दिली, जी आमच्या घरात कुणी कधी उच्चारलेली नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगताना मला कुणालाही नावं ठेवायची नाहीत. शेजारच्या काकू अंगारा घेऊन आल्या. आईने मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. कुणीतरी म्हणालं, बाहेरचं आहे, पलीकडच्या गावी एक जाणता आहे. आपलं माणूस डोळ्यांदेखत दुसरंच कुणी होत जातं तेव्हा हाताशी जे असेल ते माणसं करतात, आणि ते मायेपोटीच करतात. ज्या दवाखान्यात आधी नेलं तिथेही काही निराळं झालं नाही. परीक्षेचं टेन्शन आहे, झोपेच्या गोळ्या देतो, म्हणाले. त्यात आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांचा सल मला अजून आहे, कारण एका गोष्टीकडे माझं स्वतःचंही लक्ष गेलं नव्हतं: हे सगळं तापाने सुरू झालं होतं.

नवव्या दिवशी तिचं तोंड आपोआप हलायला लागलं, काहीतरी चघळत असल्यासारखं. जीभ आतबाहेर, ओठ मुडपलेले. हात हवेत पोळी लाटत असल्यासारखे. त्या रात्री तिला फिट आली. आम्ही तिला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथल्या न्यूरॉलॉजीच्या डॉक्टर वयाने अगदी तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: "या सगळ्याच्या आधी ताप होता का?" एमआरआयमध्ये काही दिसलं नाही. पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं. आठवड्याने रिपोर्ट आला. एनएमडीए रिसेप्टरच्या विरोधातल्या अँटीबॉडीज, पॉझिटिव्ह.

हा शब्द मला येत होता. वर्गात चेतापेशींचा धडा शिकवताना मी तो एका वाक्यात उरकत आले होते. आयसीयूच्या बाहेर, भिंतीला टेकून चटईवर बसले असताना, त्या एका वाक्याच्या पोटात काय काय होतं ते मी पहिल्यांदा नीट वाचलं. रात्री दोनला, मोबाइलवर, थर्मासमधला गार झालेला चहा पीत.

सुरुवात ग्लुटामेटपासून करावी लागते. दुसऱ्या नावाने ते आपल्या ओळखीचं आहे. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेटचंच मीठ. १९०८ साली तोक्योमध्ये किकुनाए इकेडा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रसातून ती चव वेगळी काढली. तोच रेणू आपल्या मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना हाक मारायला वापरतात. (ताटातलं ग्लुटामेट मेंदूत सहजासहजी शिरत नाही. मेंदू स्वतःपुरतं स्वतः तयार करतो.) एक पेशी ते सोडते, मध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते, ती ओलांडून ते पलीकडच्या पेशीवर पोचतं. ही जागा म्हणजे सिनॅप्स. पलीकडच्या पेशीवर ग्लुटामेट ओळखणारे रिसेप्टर असतात, निरनिराळ्या जातींचे. त्यांतल्या दोन जातींशी आमचं घर जोडलं गेलं.

पहिली जात अँपा. तिचं काम सरळ. ग्लुटामेट येऊन बसलं की दार उघडतं, सोडियम आत शिरतं, पेशी जागी होते. दुसरी एनएमडीए. तिथे ग्लुटामेट बसलं तरी भागत नाही, कारण दाराच्या बोळातच मॅग्नेशियमचा कण अडकून बसलेला असतो.

आमच्या जुन्या वाड्यात न्हाणीघरात दगडी हौद होता. तळाला भोक, त्यात चिंध्या गुंडाळलेलं लाकडी बूच. हौद भरलेला असला की पाण्याच्या दाबानेच ते बूच इतकं घट्ट बसे की मोठ्या माणसालाही ओढून निघत नसे. पाणी उतरलं की मी, सात वर्षांची, दोन बोटांनी काढायचे. मॅग्नेशियमचं तसंच आहे. पेशी शांत असते तेव्हा तिच्या आतली बाजू ऋणभारित असते, आणि तो ऋणभार मॅग्नेशियमला आत खेचून धरतो. अँपाच्या दारांतून पुरेसं सोडियम आलं, पेशी चांगली जागी झाली, की तो ओढा कमी होतो आणि बूच सुटतं. म्हणजे हे दार उघडायला दोन गोष्टी एकाच क्षणी लागतात: अलीकडून हाक यायला हवी, आणि पलीकडची पेशी त्याच वेळी जागी हवी. दोन्ही जुळलं की कॅल्शियम आत येतं.

१९४९ मध्ये डोनाल्ड हेब या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाने तर्क मांडला होता, की एक पेशी दुसरीला जागं करण्यात पुन्हा पुन्हा हातभार लावत असेल तर त्या दोघींमधला दुवा बळकट होत असला पाहिजे. शिकणं म्हणजे पेशींच्या पातळीवर हेच असेल. पण 'दोन गोष्टी एकत्र घडल्या' हे मेंदूत कळतं कुणाला? ते कळणारा रेणू हा, बूच लावलेला. दिंडांचा वास आणि मनगटावरचा चटका एकाच क्षणी आले, याची साक्ष ठेवणारा.

कॅल्शियम आत आल्यावर काही एन्झाइम कामाला लागतात आणि त्या सिनॅप्सवर अँपाचे आणखी रिसेप्टर आणून बसवले जातात. पुढच्या वेळी हाक तेवढीच येते, ऐकणारे कान मात्र वाढलेले असतात. ऑस्लोमध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी बसवणाऱ्या भागात, हे होताना पाहिलं होतं. १९७३ साली त्यांचा निबंध छापून आला. विजेचे भराभर झटके थोडाच वेळ दिले, तर त्यानंतर अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत तो दुवा तगडा राहिला. दहा तास! एका ओळखीच्या चेहऱ्याला, एका चवीला मेंदूत जागा करून द्यायला असंच काहीतरी लागणार, हे त्या आकड्याकडे बघून मला पटलं.

पुढे ब्रिस्टलच्या जेफ वॉटकिन्स यांच्या प्रयोगशाळेने एनएमडीएचं दार तेवढं बंद करणारं एक द्रव्य तयार केलं, एपी-५ नावाचं. ग्रॅहॅम कॉलिंगरिज आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं, की ते घातलं तर पेशींचं रोजचं बोलणं चालू राहतं, फक्त दुवा बळकट होणं थांबतं. आणि १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस यांनी तेच द्रव्य उंदरांच्या मेंदूत सोडलं आणि त्यांना गढूळ पाण्याच्या हौदात पोहायला लावलं. पाण्याखाली, न दिसणारी एक फळी असते. साधा उंदीर चार-सहा खेपांत ती फळी कुठे आहे ते शिकतो आणि थेट तिकडे जातो. एपी-५ दिलेल्या उंदरांना पोहता येत होतं. फळी दिसेल अशी ठेवली तर तिच्यावर चढताही येत होतं. लपलेल्या फळीची जागा मात्र त्यांच्या मनात ठरत नव्हती. ते हौदभर शोधत राहत.

हे वाचलं तेव्हा काचेपलीकडे आमची पोर डोळे उघडे ठेवून पडलेली होती. मी मोबाइल पालथा घातला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

तिच्या रक्तातल्या अँटीबॉडीज एपी-५ सारखं दार बंद करत नव्हत्या. त्यांची रीत वेगळी. अँटीबॉडीला दोन हात असतात. एका हाताने एक एनएमडीए रिसेप्टर, दुसऱ्या हाताने शेजारचा, असे दोन एकत्र बांधले गेले की पेशी त्यांना पृष्ठभागावरून आत ओढून घेते. दारं बाहेरून मोडत नाहीत, घरमालकच ती काढून आत ठेवून देतो. २००७ मध्ये होसेप दालमाउ यांच्या गटाने १२ रुग्ण स्त्रियांवरून हा आजार प्रथम नीट मांडला. त्याआधी अशा मुलींचं काय होत असेल, कोणकोणत्या खोल्यांत त्यांना कोंडून ठेवलं गेलं असेल, याचा विचार मनात येतो आणि निघत नाही. त्या बाराही जणींना टेराटोमा नावाची गाठ होती, बहुतेकींना बीजांडकोशात. या गाठीत केस सापडतात, दात सापडतात, आणि कधी मेंदूसारखा पेशीसमूहही असतो. शरीर त्या परक्या ऊतीवर उठतं आणि तोच राग खऱ्या मेंदूवर निघतो. आमच्या मुलीलाही सोनोग्राफीत लिंबाएवढी गाठ निघाली. ती दुर्बिणीतून काढली.

डॉक्टरांना मी एकदाच विचारलं, तेही ताई नसताना. "तिच्या डोक्यात काही मेलंय का?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. "पेशी शक्यतो जिवंत असतात," म्हणाल्या. "रिसेप्टर कमी झालेत. अँटीबॉडी गेल्या की ते परत बसतात. वेळ लागेल, महिने लागतील. पण बहुतेक जण उठतात."

जिवंत असणं आणि नसणं हा फरक किती मोठा आहे ते मला नंतर आणखी एका घटनेने कळलं. १९८७ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून जास्त माणसं आजारी पडली. शिंपल्यांत एका सूक्ष्म शैवालाचं डोमोइक ॲसिड उतरलं होतं. त्याचं काम अँटीबॉडीच्या नेमकं उलट: ते ग्लुटामेटची नक्कल करतं, दारं उघडतं आणि उघडीच ठेवतं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी त्या भडिमाराने मेल्या. तिघं दगावली, आणि जी वाचली त्यांतल्या काहींना नवीन काही लक्षात ठेवणं पुन्हा जमलंच नाही. ज्या दारांतून आठवण आत येते, त्याच दारांतून हेही येऊ शकतं. आमच्या मुलीच्या बाबतीत घर शाबूत होतं. या एका गोष्टीवर मी पुढचे दिवस काढले.

स्टिरॉइड झाली, इम्युनोग्लोब्युलिनची पाच दिवसांची सलाईन झाली, मग प्लाझ्मा बदलला. मधे दहा दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. मी एक शंभर पानी वही घातली होती, मागे पाढे छापलेली. सिस्टर विचारत त्याची उत्तरं पटकन देता यावीत म्हणून. तीतल्या नोंदी अशा: "स. ६.१०. डोळे उघडे. हाक मारली, बघितलं नाही. नळीतून दूध २०० मिली." "दु. ३. हात पुन्हा हलतात. ताप १००." "रा. ९. आई येऊन गेली, रामरक्षा म्हटली."

रामरक्षेबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या आईने एकही संध्याकाळ चुकवली नाही. पाच मिनिटं आत सोडत, तेवढ्यात ती भाचीच्या कानाशी वाकून म्हणायची. ही लहान असताना आईच्याच मांडीवर बसून ती शिकली होती. गणपती उठून चार-पाच दिवस झाले असतील. "शिरो मे राघवः पातु" म्हणून आई खोकला आला म्हणून थांबली, आणि पोरीचे ओठ हलले. आवाज नव्हता. "भालं दशरथात्मजः" एवढं ओठांवरून वाचता येत होतं. आई म्हणते रामाने ऐकलं. मी आईशी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की पंधरा वर्षांपूर्वी बळकट होऊन बसलेले ते दुवे एनएमडीएच्या भरवशावर उभे नसतात. ते दार आठवण बसवताना लागतं. बसलेली आठवण त्याच्यावाचूनही राहते. पण त्या संध्याकाळी आजीने कपाळावरून हात फिरवला, रडली, सिस्टरने सगळ्यांना बोलावून आणलं, यातलं काही भाचीकडे नाही. शब्द जुने होते म्हणून आले. संध्याकाळ नवी होती, ती राहिली नाही.

पितृपंधरवडा संपत आला तेव्हा ती बोलायला लागली, आणि आम्हाला वाटलं झालं, सुटलो. ते तसं नसतं. ती विचारायची, "दादाची परीक्षा झाली?" झाली, बाळा. पाणी पिऊन झालं की पुन्हा, "दादाची परीक्षा झाली?" दिवसातून तीस-तीस वेळा, आणि दर वेळी तितक्याच काळजीने. माझी ताई, जिने आयुष्यात कुणाला दुसऱ्यांदा उत्तर दिलं नाही, ती तीस वेळा तितक्याच प्रेमाने म्हणायची, झाली गं. बार्सिलोनातला एक प्रयोग मी त्याच दिवसांत वाचला. रुग्णांच्या पाठीतलं पाणी १४ दिवस उंदरांच्या मेंदूत सोडलं. उंदीर आधी पाहिलेली वस्तू आणि नवी वस्तू यांतला फरक विसरले. ते पाणी बंद केल्यावर हळूहळू रिसेप्टर परत आले आणि ओळखही परत आली. मी ताईला ते वाचून दाखवलं. तिने विचारलं, "किती दिवसांत?" मी म्हटलं, उंदरांचं आहे गं ते. "सांग तरी." मी सांगितलं, दहा-बारा दिवस. त्या दिवसापासून ती बोटांवर मोजायला लागली.

घटस्थापना झाली. वॉर्डात कुणीतरी सिस्टरच्या टेबलावर छोटा घट मांडला होता. तिसऱ्या माळेच्या दिवशी दुपारी ताईने डबा उघडला. वरण-भात, भाजी, ताकाची बाटली. भाचीने भाजीकडे बघितलं, नाक मुरडलं आणि म्हणाली,

"काल पण हीच होती."

ताईच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी ताईकडे बघितलं. आदल्या दिवशी खरंच तीच भाजी होती. 'काल' हा शब्द मी आयुष्यात किती वेळा ऐकला असेन, पण तो इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. तिच्या डोक्यात कुठेतरी बूच सुटलं होतं, कॅल्शियम आत गेलं होतं, कानांची संख्या वाढली होती, आणि ते रात्रभर टिकलं होतं. नावडती भाजी दोनदा आली एवढंच तिला म्हणायचं होतं. ताई खिडकीशी गेली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. मी वहीत लिहिलं: "दु. १.२०. दुधीची भाजी. कालचं आठवलं." खाली दोन रेघा मारल्या.

आता ती बरी आहे. इंजिनिअरिंगचं एक वर्ष गेलं, पण पुरं झालं. थकली की शब्द सापडायला वेळ लागतो, ते तिला कळतं आणि तिचं तिला वाईटही वाटतं. या आजारात चांगलं बरं होणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे. ५७७ रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत दोन वर्षांपर्यंत ज्यांची खबर ठेवली गेली, त्यांतले सुमारे ८० टक्के चांगले सावरले होते, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं. म्हणून जो भेटेल त्याला मी सांगत असते: तरुण मुलगा किंवा मुलगी ताप-डोकेदुखीनंतर काही दिवसांत एकदम वेगळी वागायला लागली, झोप उडाली, तोंड-हात विचित्र हलायला लागले, फिट आली, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. अंगारा लावायचा तर लावा, पण गाडीत बसून लावा.

तिने मात्र एक गोष्ट मला खूप दिवस विचारली. "मावशी, ते सगळं कुठे गेलं?" तिला वाटायचं आठवणी आत कुठेतरी दडल्या आहेत, नीट प्रयत्न केला, कुणी संमोहन केलं तर निघतील. मी तिला हौदाचं बूच सांगितलं, उंदराची फळी सांगितली. म्हटलं, तू विसरलेली नाहीस. विसरायला आधी ते तुझ्याकडे यायला लागतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या गणपतीत मी नव्हतेच." मला उत्तर देता आलं नाही. तिच्या कपाळाचा घाम मी पुसला होता. ती होती. तिचा हात माझ्या हातात होता. तिला स्वतःला मात्र याचा पत्ता कधीच लागणार नाही. हे दोन्ही एकत्र कसं धरायचं ते मला अजून जमलेलं नाही.

गेल्या दिवाळीत तिने वही मागितली. मी दिली. ताईला ते आवडलं नव्हतं. भाची माजघरात पाय पसरून पहिल्या पानापासून वाचत बसली, मध्ये एकदाही उठली नाही. "नळीतून दूध २०० मिली" वर ती थोडी हसली. रामरक्षेच्या पानावर थांबून आजीच्या खोलीकडे बघितलं. शेवटच्या पानांवर आली, दोन रेघांपाशी, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मावशी, हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"दुधी नव्हता. दोडका होता. आणि शिरा नीट काढलेल्या नव्हत्या, घशाला टोचत होत्या."

मला दुधीच आठवत होता. हिरवट पांढऱ्या फोडी, डब्याचा मधला कप्पा. वहीतही माझ्याच हातचं लिहिलेलं होतं. आम्ही दोघी एकदमच स्वयंपाकघरात गेलो. ताई चकल्यांचं पीठ मळत होती. भाचीने विचारलं, "आई, हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या माळेला कुठली भाजी होती गं?"

ताईने वर बघितलंसुद्धा नाही.

"दोडका," म्हणाली. "दोन दिवस लागोपाठ. घाईत शिरा राहिल्या होत्या."